नव्या कणसाचा पहिला घास

माझी धाकटी जाऊ नायजेरियात पाच वर्षं राहून आली आणि मला कुणी विचारेनासं झालं. दीर तिकडे शाळेत गणित शिकवायचे. परत आले ते सातपूरला, आमच्या शेजारच्याच खोलीत. ऐंशीनंतरची गोष्ट. झालं, रोज दुपारी कॉलनीतल्या बायका तिच्या ओट्यावर! खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तिचं लाडकं आख्यान म्हणजे तिकडचा कंदाचा सण. सुरणासारखा मोठा कंद पिकतो म्हणे. गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने खाल्ल्याशिवाय नवा कंद कुणी तोंडात घालत नाही. सणाआधी अख्खं गाव झऱ्याची वाट साफ करतं. परगावी नोकरीला गेलेले त्या दिवशी घरी येतात आणि शाळेची भिंत, ओढ्यावरचा पूल, सगळं तिथेच बसून ठरवतात.

"त्यात काय नवल? आपणही नवं धान्य आधी देवाला दाखवतो," मी म्हटलं.

"हो अक्का, पण नळाची वाट कुठे साफ करतो?"

बायका हसल्या. मला झोंबलं. नळापाशी शेवाळ साठलंय, चला हात लावू, म्हणून दोन पावसाळे मीच घसा कोरडा करत होते. तेव्हा एकीलाही वेळ नव्हता. आता हिने म्हटलं, "वाट झाल्याशिवाय नवी कणसं कुणी खायची नाहीत," तर साऱ्या फावडी घेऊन तयार!

रविवारी मी कंबर धरून घरात बसले. कंबर ठणठणीत होती हो. बाहेर हसणं, घमेल्यांचा आवाज. रागारागाने शेगडीवर एक कणीस भाजलं, तिखट-मीठ-लिंबू चोळून अख्खं खाल्लं. म्हटलं, घ्या तुमचा सण!

तेवढ्यात कडी वाजली. दारात सगळ्या, चिखलाने माखलेल्या. जाऊच्या ताटलीत भाजलेलं कणीस, मागे एकीच्या टोपलीत आणखी.

"अक्का, कॉलनीत तुम्ही थोरल्या. पहिला घास तुमचा. आणि वाटेचं आधी तुम्हीच बोलला होतात, ते सांगितलंय मी सगळ्यांना."

घरभर वास सुटलेला. मी मुकाट्याने चार दाणे तोंडात टाकले, तशा साऱ्या टोपलीतल्या कणसांवर तुटून पडल्या. जाऊने जवळ येऊन पदराने माझी हनुवटी पुसली. पदरावर कणसाचा केस.

"थोरल्यांनीच नेम मोडला तर दंड लागतो बरं," ती कानात पुटपुटली.

"कसला गं दंड?"

"उद्या माझ्याबरोबर गटार उपसायचं."

गेले दुसऱ्या दिवशी. फावडं मात्र मीच घेतलं. घमेलं तिला दिलं.