सुट्टीनंतर धरणारी छाती

नवी वस्तू हातात आली की कुंदाबाई ती आधी उसवून पाहते. धरणगावजवळच्या, कपाशीतून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये तिला बत्तीस वर्षं झाली, पण जित्याची खोड ती. यंदा दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि कंपनीने बायकांना वाटीसारखे फुगीर, पुढे झडप असलेले पांढरे मास्क वाटले. बाकीच्या ते नाकाला लावून एकमेकींकडे बघत हसत सुटल्या. कुंदाबाईने आपला मास्क घरी नेऊन विळीवर उभा चिरला आणि दुसऱ्या दिवशी त्याची दोन शकलं घेऊन आली.

"आत काय शे, अक्का?" शेजारच्या मशीनवरच्या ममताने विचारलं.

"तीन पदर शेतस. कापूस नही, कागदबी नही. मंग धूळ अडकस कशी?"

ममताने शकलं चाचपून परत दिली आणि कपाशी मशीनमध्ये टाकायला सुरुवात केली.

कुंदाबाईच्या सासूच्या काळी नाकाला फक्त साडीचा पदर असे. एकदा एकीचा पदर रोलरमध्ये गेला आणि पाठोपाठ हातही गेला. तेव्हापासून साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवायची पद्धत पडली, आणि नाकासाठी उपरण्याचा तुकडा आला. तो दुहेरी घडी घालून, बादलीत बुडवून बांधायचा. संध्याकाळी काम संपलं की मुकादम मगनभाऊ प्रत्येकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवी, म्हणजे घशातली रुई खाली उतरते. पुढे कुण्या साहेबाने नाड्यांचे कापडी मास्क आणले, ते बायकांना चुलीवरची भांडी उतरवायला फार उपयोगी पडले. कोरोनात निळे आले आणि कोरोनाबरोबर गेले.

कुंदाबाईने दुसरा मास्क मागून घेतला आणि उपरण्याच्या सवयीने तोही बादलीत बुडवला. नाकावर चढवला तर श्वास आत येईना. "हाई तर जीव लेवानं काम शे!" तिने जाहीर केलं, आणि अक्काचा शब्द म्हणून दुपारपर्यंत बठ्ठे, अगदी सगळे मास्क खिळ्याला लटकले.

ते बघून जळगावहून आलेली सुरक्षा अधिकारी, नूतन, कपाळाला हात लावून बसली. "मावशी, हा कोरडाच लावायचा. ओला झाला की हवा जायची वाट बुजते." मग तिने हळूच विचारलं, "तुमची छाती भरून येते का कधी?"

"येते ना. पण सुट्टीनंतरच."

जिनिंगमधल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी सुट्टी असायची. दुसऱ्या दिवशी कामावर आलं की दुपारपर्यंत छाती आवळून यायची, आणि मग रोज काम करता करता ती मोकळी व्हायची. म्हणजे सुट्टी बाधते, याला आणखी पुरावा कशाला? कुंदाबाई तर जमेल तेव्हा सुट्टीच्या दिवशीही गोदाम झाडायला यायची. दगडीबाईलाही तिनेच ही शिस्त लावली होती. दगडीबाई सातपुड्याच्या पायथ्याची, चोपड्याकडची. वीस वर्षं दोघी एकमेकींशेजारी उभ्या राहिल्या. ती दम लागतो म्हणून खोलीवर पडून राहिली की कुंदाबाई दारात हजर! हाताला धरून तिला कामावर आणायची. चार वर्षांपूर्वी दम वाढून दगडीबाईचं काम कायमचं सुटलं आणि ती गावी मुलाकडे गेली. शेवटी शेवटी फार घरी बसली, म्हणूनच तिचं असं झालं, हे कुंदाबाई सगळ्यांना सांगत आली होती.

नूतन म्हणाली, "सुट्टीने नाही, मावशी. सुट्टीत छाती जरा सुटते, आणि धूळ पुन्हा लागली की धरते. नंतर बरं वाटतं, ती नुसती सवय होते. आतलं नुकसान चालूच असतं."

कुंदाबाईला दगडीबाईच्या खोलीचं दार आठवलं. पोरीचं खरं असेल, तर दगडीला आपण कुठे ओढून नेत होतो?

ऐकून विश्वास ठेवणाऱ्यातली ती नव्हती. तिने बाजाराच्या दिवशी गोदाम झाडणं मुद्दाम बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी कोरडा मास्क लावून कामाची पाळी केली. छाती धरली नाही. शितावरून भाताची परीक्षा नको, म्हणून पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी ओलं उपरणं बांधलं, तर दुपारी छातीवर वरवंटा ठेवल्यासारखं झालं. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मास्क. जुना खोकला होता तसाच होता, पण छाती मोकळी. तिने ममताला जवळ बोलावलं, तिचा मास्क खिळ्यावरून काढला आणि स्वतःच्या हाताने तिच्या नाकावर नीट बसवला. मग पुढच्या सुट्टीला, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, ती चोपड्याच्या एसटीत बसली.

दगडीबाई अंगणात खाटेवर होती. वाळून गेली होती, दोन शब्दांमध्ये श्वासासाठी थांबत होती. कुंदाबाईने वाटेत बरंच काही जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "दगडी, सुट्टी बाधे नही वं. कपाशीनी धूळ बाधे. मी तुले उगीच ओढी लई जाऊ."

दगडीबाई रागावल्यासारखी मुळीच दिसली नाही.

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली. "खोलीवर पडी ऱ्हाऊ का दोन दिनमा बरं वाटे."

"मंग सांगं काब्र नही?"

"तू कधी इचारं?"

खरंच होतं. मास्कच्या पदरांपासून रोलरच्या पट्ट्यांपर्यंत साऱ्या जगाच्या चौकशा करणाऱ्या कुंदाबाईने, घरी पडल्यावर तुला कसं वाटतं, हे दगडीला वीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तिला रडू आवरेना. ती खाटेच्या कडेला बसली, दगडीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आते सांग. बठ्ठं सांग."

आणि दगडीबाई सांगू लागली, थांबत थांबत.