कापणीला न येणारी भुतं

शहापूरच्या वाचनालयात दिवाळी अंक आले की आम्ही भुताखेतांचे भक्त टेबलाभोवती जमतो आणि कुणाचं भूत जास्त भयानक यावर भांडतो. त्या दिवशी मी एका अंकातल्या, बंद बंगल्यात राहणाऱ्या हडळीची बाजू लावून धरली होती. तेवढ्यात शेजारी तोच अंक चाळणारी, डोळखांबकडची एक पन्नाशीची बाई म्हणाली, "एकदम रिकामटेकडी हाय ती."

तिचं नाव मी विचारलं नाही. पदराला भाताची कुसळं चिकटलेली होती. पान उलटताना ती बोट जिभेला लावायची आणि अंक खराब होऊ नये म्हणून ते लगेच पदराला पुसायची. पान अर्थातच उलटायचं नाही.

"आमची पितरं भादव्यात जेवून जातात," ती म्हणाली. "वडे, खीर, सगळं. मग कापणी लागली की एक पण फिरकत नाय. येवढी मेलेली माणसं घरात, पण विळा धराय कोण नाय."

आम्ही हसलो. तिनं सगळ्यात जाडा भूत-विशेषांक पिशवीत टाकला.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"कसली? सासू गेल्यावरची पहिलीच कापणी ही. आली तर भारा सैल बांधला म्हणून शिव्या देईल. देऊ दे. पण यावं तिनं."

हडळीचा अंक घरी आणून मी तिची गोष्ट पुन्हा वाचली. सबंध गोष्टीत तिची वाट बघणारं कुणीच नव्हतं. मला पहिल्यांदाच तिची कीव आली.