वापरात नसलेली विहीर

आमचा गणपतीचा कारखाना पेणमध्ये, आणि मागच्या आवारात विहीर. घरात नळ आला त्या दिवसापासून आम्ही विहिरीकडे पाठ फिरवली. शेजारची काकी मात्र येत राहिली. एकटी बाई, नळ घेतलाच नव्हता. "नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाय," म्हणायची. रहाटाला दोरही तिचाच.

पुढे शहराचा आराखडा करायचा म्हणून नगरपालिकेचा माणूस विहिरी मोजायला आला. "वापरात आहे का?" त्याने विचारलं. वापरात नसली तर तिला खेटून बांधकाम करता येतं असं मला कोणीतरी सांगितलं होतं, आणि मला मूर्ती वाळवायला शेड हवी होती. "नाही," मी म्हणालो. काकी तेव्हा पाणीच काढत होती. रहाट करकरत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विहीर माझी असल्यामुळे माझं लिहून घेतलं. काकीने ऐकलं आणि बादली घेऊन घरी गेली.

शेड झाली. मूर्तींवर धूळ बसू नये म्हणून आवारभर कोबा घातला. पावसाचं पाणी आता जमिनीत न मुरता थेट गटारात जाऊ लागलं, आणि आवार कसं स्वच्छ राहतं म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो.

राहिल्या फुटक्या मूर्ती. सोंड तुटलेला गणपती विकता येत नाही, आणि उकिरड्यावर टाकायची कोणाची छाती नाही. वडील असे देव हात जोडून विहिरीत सोडायचे. शाडूची माती ती, दोन दिवसांत विरघळायची. मीही सोडू लागलो, तसेच हात जोडून. माझे गणपती प्लास्टरचे होते, एवढाच काय तो फरक. जन्म या धंद्यात गेला, आणि हा फरक माझ्या डोक्यात शिरला नाही!

काकीच्या शिरला होता. "आरे, तुजा देव इरघळत नाय. बादलीला लागतो."

"लागला तर नमस्कार कर," मी म्हणालो. काय पण अक्कल!

एका एप्रिलात तिची बादली कोरडी वर आली. थोडे दिवस ती आमच्या नळावर कळशी घेऊन यायची, पण आमचाच नळ दिवसाआड. तिला असं दुसऱ्याच्या दारात उभं राहणं जमेना. शेवटी रोह्याला लेकीकडे निघाली. रहाटाचा दोर सोडून पिशवीत घातला. "पानी आलं का कळव. घर काय पलून जात नाय," म्हणाली. मी "हो हो" म्हणालो आणि कामाला लागलो. सीझन होता. नंतरही सीझनच होता.

विहीर मला आठवली ती आमचा नळ चार-चार दिवस येईना तेव्हा. गाळ काढायला वाडीवरचे दोघे भाऊ बोलावले. गाळ कमी, गणपती जास्त. प्रत्येक मूर्ती वर आली की दोघे नमस्कार करायचे, त्यामुळे एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लागले. तळाला चिखल आणि प्लास्टर घट्ट बसून झरे बुजले होते. ते फोडल्यावर पाणी पाझरलं. मग मी विहिरीभोवतीचा कोबा उखडला आणि शेडच्या पन्हाळीचं पाणी तिथल्या मातीत सोडलं. पुढच्या पावसाळ्यात पाणी हाताला लागेल इतकी विहीर भरली.

काकीला निरोप धाडला. ती रोह्याहून दुपारच्या गाडीने आली. पिशवीतून तोच दोर काढला, रहाटाला बांधला, एक बादली ओढली, ओंजळभर पाणी प्यायली. "गोड हाय," म्हणाली. मला केवढं बरं वाटलं! नगरपालिकेत जाऊन नवा फॉर्म भरल्याचं मी सांगून टाकलं. "आता लिहिलंय, काकी. विहीर वापरात आहे."

"कोन वापरतं?"

"तू आलीस ना!"

"घर इकलं रे. तुजी वाट बगून बगून इकलं. गेल्या म्हयन्यात."

लाज वाटली, आणि तीही उशिराच. तिने उरलेलं पाणी परत विहिरीत ओतलं आणि पिशवी उचलली. मी दोर सोडायला पुढे झालो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "लेकीकडं नळ हाय."

मी तिला स्टेशनवर सोडलं. दोर अजून रहाटाला आहे.