परबवहिनींनी काढलेला फॉन्ट

आमच्या गल्लीत कॉम्प्युटर पहिल्यांदा मी आणला. म्हणजे डोक्यावर उचलून आणला; घेतला परबवहिनींनी, चालवला त्यांनी, आणि गाळ्याच्या चौकटीवर आपटून त्याला पहिला पोचा पाडायचा मान तेवढा माझा. वहिनी पोच्याकडे बघून म्हणाल्या, "भावजी, आता ह्याला हात लावू नका. तुम्ही नुसतं बोला." तेव्हापासून मी नुसतं बोलतोय.

परब माझा मिलमधला जोडीदार. शेजारशेजारच्या सांच्यांवर, म्हणजे मागांवर, आम्ही. तो कामाला पक्का आणि मी बदली, तेसुद्धा कोणी फारच आजारी पडला तरच. संप झाला, वर्षं गेली, मिल काय परत उघडली नाही. परब गेटावर चकरा मारत राहिला. मी केळी विकली, छत्र्या विकल्या, एकदा तर पंचांगं विकली, ती पण गेल्या वर्षाची. कोणी विचारलं तर सांगायचो, जुनं आहे म्हणून खात्रीचं आहे. ह्या सगळ्यात पायावर उभ्या राहिल्या त्या एकट्या वहिनी. परळच्या क्लासला जाऊन मराठी टायपिंग शिकल्या. लोकांकडे टायपिंग केलं. मग डीटीपी शिकल्या आणि चाळीखालच्या गाळ्यात स्वतःचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, बाराव्याची कार्डं, मंडळाच्या पावत्या. मी पोचवाय-आणायला. पगार ठरला नव्हता, पण जेवण ठरलं होतं.

नवीन डबा उघडला की लोक बघतात आत काय काय आहे. वहिनी बघायच्या, काय काय नको. नारळ फुटला, मशीनला हळदकुंकू लागलं, आणि वहिनी जी बसल्या ती फॉन्ट काढायलाच. मला काय फॉन्ट नि काय फुटाणे! तेव्हा त्यांनी समजावलं, "भावजी, फॉन्ट म्हणजे अक्षराचा कपडा. अक्षर तेच, कपडा वेगळा." कपड्यातलं मला कळतं, जन्म गेला त्यात. कंपनीने मशीनबरोबर इंग्रजी कपड्यांची अख्खी पेटी फुकट भरून पाठवली होती. एक जिलबीसारखा वळणावळणाचा, एक रक्त ठिबकल्यासारखा, एकात तर अक्षरंच नाहीत, नुसत्या कात्र्या, टेलिफोन आणि हात दाखवणारी बोटं. मला तो फार आवडला. म्हटलं, वहिनी, हा ठेवा, ह्यातलं मला वाचता येतं.

"कात्रीने पत्रिका छापायची काय? लग्न जुळवायचंय, कापायचं नाही," असं म्हणून त्यांनी तो उडवला.

एवढे काढायचं कारण असं की फॉन्टची यादी एबीसीडीने लागायची, आणि आमच्या मराठी फॉन्टांचीसुद्धा नावं इंग्रजीत, पार तळाला. एकेक ओळ टाइप करायची तर आधी त्या सगळ्या परक्या पाहुण्यांतून वाट काढत खाली जायचं. वर मशीन दमेकऱ्यासारखं धापा टाकायचं. वहिनी म्हणायच्या, "दारातच एवढी गर्दी, तर आपल्या माणसाने आत यायचं कुठून?" एकेका फॉन्टमध्ये एक ओळ छापायच्या, कागद हातभर लांब धरायच्या आणि त्या कागदालाच विचारायच्या, "तुझं लालबागमध्ये काय काम रे?" उत्तर आलं नाही की काढला. गल्लीत त्यांचं नाव झाडूवहिनी पडलं ते ह्यावरून.

पण आंधळेपणाने नाही हां. काही फॉन्ट मशीनचे स्वतःचे असतात, ते काढले तर स्क्रीनवरची नावंच दिसेनाशी होतात. त्यांना वहिनी घराचे खांब म्हणायच्या, हात लावायच्या नाहीत. आणि काढलेल्या प्रत्येक फॉन्टची कॉपी आधी फ्लॉपीवर घ्यायच्या. "टाकलेलं पण माळ्यावर ठेवायचं, भावजी. उद्या कोण मागायला येईल सांगता येत नाही." मी म्हटलं, वहिनी, ह्या दुकानात मशीनबरोबर फुकट आलेला आणि काही कामाचा नसलेला आणखी एक आयटम आहे. वर न बघता म्हणाल्या, "माहीत आहे. त्याची कॉपी ठेवायची गरज नाही, एक पुरे."

मराठी फॉन्ट ज्याने घालून दिले त्या माणसाने पण वर दोनचार फुकटचे टाकले होते. त्यातला एक जाडाढोला, थोडा तिरका, 'क'चं पोट सुटलेलं. वहिनींना बघवायचा नाही. पण परबने तो पहिल्यांदा कागदावर बघितला आणि उभाच राहिला. म्हणाला, "गो, हो तर आमच्या गेटावरचो बोर्ड!" खरंच, मिलच्या गेटावर रंगवलेली अक्षरं अशीच होती. निदान परब म्हणाला म्हणून मला पण तशीच वाटली. मी त्या गेटातून आत जाताना बोर्ड कधी बघितलाच नाही. उशीर झालेला असायचा, नजर मुकादमावर.

त्या दिवसापासून परबचा एकच कार्यक्रम. दर महिन्याला गिरणी कामगारांची सभा, चाळीच्या गच्चीवर, आणि तिचा कागद त्याच फॉन्टमध्ये. दुपारी यायचा, स्टुलावर बसायचा, वहिनी टाइप करायच्या, तो मागून बघायचा. "जरा मोठा कर गो. लांबसून दिसाक व्हया." सभेला आधी गच्ची भरायची. मग अर्धी. मग चार टाळकी, त्यातलं एक माझं, कारण चहा असायचा. मिल चालू होणार हे परब दर सभेत नव्याने सांगायचा, आणि सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा की नाही म्हणायची कोणाची हिंमत नाही.

वहिनींचा हिशेब मात्र वेगळा होता. त्यांची मुलगी सुमन तेव्हा कॉलेजात जायला लागली होती. दुकानातलं पुरत नव्हतं. अशात वहिनींच्या मावसभावाने रे रोडला लाकडाच्या वखारीत परबसाठी वॉचमनची जागा बघितली. मालकाशी बोलणं झालं, फक्त जाऊन उभं राहायचं होतं. परब दुकानात आला आणि स्टुलावर बसूनच म्हणाला, "मी नाय जावचंय. उद्या मिल चालू झाली तर हजेरीक कोण, तुझो मावसभाव जातलो?"

 परब चहा प्यायला बाहेर गेला तशा वहिनी स्क्रीनकडे वळल्या, तो फॉन्ट शोधला आणि काढला. काढलेला मशीनमधल्याच कचऱ्याच्या डब्यात जातो ना, तिथूनही काढला. ह्याची कॉपी घेतली नाही, फ्लॉपी जाग्यावरच राहिली. "बघा भावजी," म्हणाल्या, "गेट बंद केलं मी." मी आपला सवयीने म्हटलं, "बरं झालं, मशीनला तेवढाच दम कमी लागेल." कोणी हसलं नाही. मी पण नाही, आणि माझ्या जोकवर मी न हसणं म्हणजे बघा.

पुढच्या महिन्यात परब सभेचा मजकूर घेऊन आला. वहिनींनी जुनी फाइल उघडली. स्क्रीनवर सगळी इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरच्या खुणा. आमच्या मराठी अक्षरांच्या खाली तेव्हा तसंच असायचं. फॉन्ट गेला की वरचा कपडा गेला, आतलं उघडं पडलं. परब वाकून बघत राहिला.

"ह्या काय झाला?"

"तो फॉन्ट मी काढला. दुसऱ्यात करून देते ना, चांगला सुबक आहे."

"नको," परब म्हणाला. "रवांदे."

कागदाची घडी केली, खिशात घातली, गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. सोमवारी सकाळी न सांगता रे रोडला गेला आणि वखारीत उभा राहिला. वहिनींना हवं होतं तेच झालं. पगार सुरू झाला, डबा सुरू झाला. फक्त परब बंद झाला. यायचा, जेवायचा, झोपायचा. सभा नाही, गच्ची नाही, दुकानाकडे तर फिरकणंच नाही. त्याच्या स्टुलावर आता मी बसायचो, तर वहिनी म्हणायच्या, "तिथे नको, भावजी. दुसरीकडे बसा."

एकदा पत्रिकेचं प्रूफ बघताना एकदम म्हणाल्या, "मला त्यांची नोकरी हवी होती हो. असा माणूस नको होता." आणि जुन्या सभेच्या एका कागदाची पट्टी कापून माझ्या हातात दिली. "हा फॉन्ट कुठे मिळतो का बघा." ज्याने फॉन्ट घातले होते त्याने धंदा बंद करून गाव गाठलेला. म्हणजे गोंधळ वहिनींचा आणि शोधायला कोण, तर ज्याला दुकानाच्या पाट्यांपलीकडे वाचता येत नाही तो मी. दुसरा कोणी मोकळा नव्हता.

फिरलो. दादरला एकाने विचारलं, फॉन्टचं नाव काय? म्हटलं नाव माहीत नाही, पोट सुटलेला आहे. तो म्हणाला, "इथे पोट सुटलेला मीच आहे, न्यायचा तर न्या." गिरगावात एका प्रेसवाल्याने मला पेन्शनीत काढलेला माणूस समजून बसवून घेतलं, पाणी दिलं आणि पंखा लावला. खोताच्या वाडीत कार्डं छापणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी पट्टी भिंग लावून बघितली आणि म्हणाल्या, "बाबा, एवढ्यासाठी फिरतोस? तिला सांग, नवऱ्याशी बोल." मी वहिनींना ते सांगितलं नाही. फॉन्ट आणायला पाठवलं होतं, सल्ला आणायला नाही.

शेवटी फणसवाडीत एक पत्रिकावाला भेटला. त्याने यादीतला एकेक फॉन्ट उघडून दाखवला आणि मी पट्टी स्क्रीनला लावत गेलो. एक जाडा आला, तिरका, पोटवाला. "हाच!" मी एवढ्या जोरात ओरडलो की त्याची बायको आतून बाहेर आली. तो म्हणाला, "नीट बघा काका." म्हटलं, बघितला, घाल फ्लॉपीत.

वहिनींनी तो मशीनवर घातला. सभेचा मजकूर नव्याने टाइप केला, तारीख न घालता. कागद प्रिंटरमधून आला तो हातभर लांब धरला, बराच वेळ. मग म्हणाल्या, "बसा भावजी, चहा घ्या. मग हा तेवढा त्यांना नेऊन द्या."

वखारीत परब ओंडक्यावर बसला होता, अंगात खाकी. मी कागद दिला. त्याने बघितला, पुन्हा बघितला.

"ह्या कोणी केल्यान?"

"वहिनींनी. फॉन्ट मी शोधला. मुंबई पालथी घातली."

"हं." मग म्हणाला, "आणि कोण येतलो रे सभेक?"

"मी येतो की!"

"तू तेव्हापण चायकच येय होतस." पण कागद टाकला नाही त्याने. घडी करून टोपीत ठेवला. आणि त्या रविवारी दुकानात आला, स्टुलावर बसला. सभेचं तो बोलला नाही, फॉन्टचं वहिनी बोलल्या नाहीत. वहिनींनी बारशाची पत्रिका दाखवली, तो म्हणाला, "जरा मोठा कर गो." बस. पण त्या दिवशी वहिनी मला दोनदा वाढायला विसरल्या, म्हणजे खूश असणार.

सभा काही पुन्हा झाली नाही. मिल पाडली, गेट गेलं, बोर्डाचं काय झालं कोणाला माहीत. वहिनींनी त्यानंतर एकही फॉन्ट काढला नाही. मशीन बदललं, नव्यात तर फॉन्टचा बाजारच भरलेला, यादी संपता संपेना. मी म्हटलं, झाडू कुठे गेला? म्हणाल्या, "राहू द्या. कुणाचा जीव कशात अडकलाय, आपल्याला काय माहीत." मशीन चालायचं हळू, त्या थांबायच्या. पुढे डोळे गेले, दुकान गेलं, आणि एका पावसाळ्यात त्या गेल्या. परब पाठोपाठ. दोघांच्या कार्याला मी होतो. दोन्ही वेळा कार्ड दुसऱ्याच कोणाच्या तरी दुकानात छापलेलं, गुळगुळीत, कोणीही कोणाचंही समजावं असं. त्या फॉन्टमध्ये छाप म्हणून सुमनला सांगायला हवं होतं. सुचलं तेव्हा कार्डं वाटून झाली होती, मीच वाटली.

परवा सुमनच्या नव्या घरी गेलो होतो. तिच्या सासरची माणसं बसलेली. मला जरा चेव चढला आणि सांगायला लागलो, हिच्या आईबापांचा अबोला कसा सुटला माहीत आहे का, तो फॉन्ट ह्या पठ्ठ्याने फणसवाडीतून हुडकून आणला म्हणून. माझं सगळं सांगून होईपर्यंत सुमन ऐकत होती. मग चहाचा कप माझ्यासमोर ठेवत म्हणाली, "काका, तुम्ही आणलात तो तो नव्हताच. आईला पहिल्याच कागदावर कळलं होतं, बाबांना वखारीत. दोघं एकमेकांना म्हणालेसुद्धा, त्याला सांगू नका, बिचाऱ्याला अक्षरं कुठे कळतात."