न फुटलेला नारळ आणि पुढची काच

आमच्या गाडीची पुढची काच नारळानं फुटली. नारळाला काही झालं नाही.

खंडेनवमीचा दिवस होता. आमचे हे बेळगावच्या उद्यमबागेत लोखंड ओतायच्या फाउंड्रीत कामाला आहेत. त्यांनी जुन्या बाजारातून एक पांढरी गाडी घेतली होती आणि तिची पूजा खंडेनवमीलाच करायची, असा आत्तींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा हुकूम होता. झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली, हळदकुंकू लावलं. शेवटी गाडीवरून नारळ ओवाळून चाकापुढं फोडायचा. ह्यांनी नारळ ओवाळला आणि दाणकन आपटला. फाउंड्रीतला हात तो! खाली आमच्या दाराची नवी ग्रॅनाइटची पायरी. नारळ चेंडूसारखा उसळला आणि थेट पुढच्या काचेवर जाऊन बसला. टक्! मग बॉनेटवरून गडगडत, काहीच न झाल्यासारखा, माझ्या पायाशी येऊन थांबला. मी उचलून बघितला. शेंडीसुद्धा जागची हलली नव्हती.

काचेवर मात्र रुपयाएवढा पांढरा डाग पडला होता आणि त्याला एक बारीक मिशी फुटली होती.

"नारळ कुणी आणला?" ह्यांनी विचारलं.

कंग्राळीतली आमची अख्खी गल्ली माझ्याकडे बघायला लागली.

नारळ मी आणला होता. दुकानातला ढीग उपसून, एकेक कानाशी धरून, हलवून, पाणी वाजतंय का बघून आणला होता. (आजवर मी स्वतः निवडलेली वस्तू म्हणजे हा नारळ. नवरासुद्धा वडिलांनी निवडला.)

"एवढा टणक आणायचा असतोय व्हय गं?" आत्ती म्हणाल्या.

मी बोलतच नाही. लहानपणापासून लाजरी म्हणून माझी ख्याती आहे, आणि लाजऱ्या माणसावर दोष ठेवायला सगळ्यांना बरं पडतं, कारण तो परत येत नाही.

पण त्या काचेचं खरं दुःख त्या गल्लीत मला एकटीलाच झालं होतं. माझं माहेर सदलगा. लग्न झाल्यापासून दर भाऊबीजेला मी तिथं बसनं जाते, आणि दर भाऊबीजेला माझी वहिनी दारात उभी राहून विचारते, "वन्सं, बसनंच आलासा? जागा मिळाली का उभ्यानं?" सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मायेनं विचारते. म्हणून गाडी आली त्या दिवशी मी धीर करून ह्यांना म्हणाले होते, "भाऊबीजेला गाडीनं जाऊया. आणि तेवढ्यापुरतं मला पुढं बसू द्या." संसारात मी तोंड उघडून मागितलेली ही एकच गोष्ट. पुढची सीट आत्तींची होती. त्यांचे गुडघे दुखतात. मागं मी, पिशव्या आणि स्टेपनी. पण हे त्या दिवशी खुशीत होते. "बस की," म्हणाले होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बेळगावात काचवाल्याकडं गेलो. त्यानं डागावर बोट फिरवलं.

"रुपयाएवढाच हाय. आत्ताच्या आत्ता भरून देतो, चहा होईपर्यंत काम. ह्याच्या फुडं गेला की अख्खी काच बदलाय लागती बघा."

ह्यांनी खिशात हात घातला तेवढ्यात पुढच्या सीटवरून आत्ती कडाडल्या, "खबरदार! दृष्ट बाहेर पडलीया तिथनं. भोक बुजवलं की राहिल्याली आतच कोंडंल. अमावस्येपातूर हात लावायचा न्हाय!"

हात खिशातून रिकामा बाहेर आला. आईचा शब्द मोडायचा नाही आणि पैसेही द्यायचे नाहीत, अशी संधी माणसाला रोज मिळत नाही. घरी येताना ह्यांनी देवाचं एक मोठं स्टिकर घेतलं आणि डागावर चिकटवलं. मिशी देवाच्या बरोबर कानातून बाहेर आली. आत्ती पुढं बसल्या बसल्या तिला हात जोडायला लागल्या.

मिशी वाढत होती. रोज सकाळी मी बघत होते. एकदा जेवताना म्हणालेसुद्धा, "जरा वाढलीय वाटतं."

"काय? आमटी?" हे म्हणाले.

मी आमटी वाढली.

मग दिवाळी आली. नरकचतुर्दशीची पहाट, कडाक्याची थंडी, गाडीवर दव साचलेलं. अमावस्या एका दिवसावर. घरातली सगळी माणसं उटणं लावून न्हाली, तेव्हा आत्ती म्हणाल्या, "गाडीबी घरातलं माणूसच हाय. तिलाबी पहिली आंघोळ घाल जा."

मी सांगितल्याप्रमाणं वागणारी बाई. उटण्याची वाटी घेतली, बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं. (थंड पाण्यानं पहिली आंघोळ कुणी घालतं का?) बॉनेटला उटणं लावलं, दारांना लावलं आणि मायेनं एक तांब्या काचेवर ओतला.

आधी काहीच झालं नाही. मग कर्रर्र असा आवाज आला आणि देवाच्या कानातली ती मिशी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेली. मी तांब्या हातात घेऊन उभी. वाफ निघत होती. आतून आत्तींचा आवाज आला, "उटणं चांगलं चोळ गं!"

हे बाहेर आले. काचेकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं. "आधी नारळ, आता पाणी. काच ठेवायचीच न्हाय असं ठरवलंयस काय?"

आंघोळ घालायला कुणी सांगितलं होतं, हे आत्तींना आठवलं नाही. मला आठवत होतं. पण मला आठवलेल्या गोष्टी ह्या घरात साक्षीला चालत नाहीत.

दिवाळीत काचेचं दुकान बंद. ते उघडलं भाऊबीजेच्या सकाळी. आम्ही शटर उघडायच्या आधी दारात. मी नवी साडी नेसलेली, मांडीवर फराळाचे डबे, आणि पिशवीत तो नारळ. ("अखंड हाय, वाया कशाला घालवायचा? भावाला दे," हे म्हणाले होते.)

काचवाल्यानं आम्हाला ओळखलं. नुसता हसला. मग खाली बसून विचारायला लागला.

"कंपनीची घालू का बाजारातली?"

"फरक काय?"

"कंपनीची कडंला बरोबर बसती, वारा शिटी मारत न्हाय. बाजारातली स्वस्त, पण शिटी ऐकाय लागती. वर हिरवी पट्टी पायजे? पट्टीवाली महाग. कडंचं रबर नवं का जुनंच? गम दोन तऱ्हेचा हाय, लवकर वाळणारा आणि उद्या वाळणारा. तुमच्या काचेला पावसाचा सेन्सर हाय?"

"पाऊस आल्यावर आमचं आम्हाला कळतंय," हे म्हणाले.

"मग वाचलासा. सेन्सरवाली असती तर दुप्पट गेलं असतं."

आपल्या गाडीत काहीतरी नाही, याचा ह्यांना पहिल्यांदाच आनंद झाला.

"इन्शुरन्स हाय न्हवं?"

"हाय की!" ह्यांनी छाती पुढं काढून कागद दिला. काचवाल्यानं वाचून परत दिला.

"साहेब, ह्यो थर्ड पार्टी. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं फोडलं तर कंपनी भरणार. तुमचं तुम्ही फोडलं तर तुमचं तुम्ही."

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी तो नारळ शेजाऱ्याच्या गाडीवर उसळेल असा आणायला हवा होता.

"ह्याच्यापेक्षा स्वस्त काय न्हाय का?"

"स्क्रॅपमधली एक हाय. मागनं ठोकलेल्या गाडीची. फुडनं काच चांगली राहिलीया."

"तीच घाल. रबर जुनं. गम उद्या वाळणारा."

घरात सून आणताना केली नसेल इतकी घासाघीस झाली. (माझ्या वेळी ती झाली होती. म्हणून तुलना करता येते.)

जुनी काच निघाली. स्टिकरमधला देव तिच्याबरोबर भंगारात गेला आणि टोलनाक्यावर पैसे कापून घेणारा आमचा टॅगही गेला. हे माझ्या लक्षात आलं. माझी शाळा चौथीत संपली, पण काचेवर काय चिकटवलेलं आहे ते दिसतं. मी हळूच म्हणाले, "अहो, आपला टॅग..."

"ह्या काचेवर आयता टॅग हाय बघ. कुणाचा का असंना. टोल फुकट!"

काच बसली. बाहेरून चारी बाजूंनी चिकटपट्ट्या मारल्या. काचवाला हात पुसत म्हणाला, "आज गाडी हलवू नका. गम ओला हाय."

"आम्हाला आत्ता सदलग्याला जायाचंय."

"मग पहिल्या खड्ड्याला काच मांडीवर येईल."

"आणि कुणी आतनं धरून बसलं तर?"

काचवाला मोठ्यानं हसला. त्याला चेष्टा वाटली. मलाही वाटली.

हे पुढच्या सीटकडं वळले. "आई, तू मागं बस."

आत्ती उठल्या. ज्या गुडघ्यांमुळं त्यांना कधी मागं बसता आलं नव्हतं, ते गुडघे माझ्या डोळ्यांदेखत पटापट वाकले, आणि मी डबे उचलायच्या आत त्या मागच्या सीटवर पोचल्या होत्या.

"ये, बस फुडं," हे मला म्हणाले. "तुला पायजे हुतं न्हवं?"

मी पुढं बसले. दोन्ही हात वर केले, तळवे काचेला लावले. आणि गाडी निघाली.

हायवेवर मला काय दिसलं म्हणून विचाराल, तर माझी दहा बोटं. शेजारून ट्रक गेला की काच आत यायची, मी तिला बाहेर ढकलायची. नाकाला खाज सुटली तेव्हा आत्तींना म्हणाले, "आत्ती, जरा नाक..." त्यांनी माझ्या नाकाला पदर लावला. लग्नानंतर त्यांनी माझी केलेली ही पहिली सेवा.

टोलनाक्यावर गाडी थांबली. खिडकीतल्या माणसानं यंत्राकडं बघायच्या आधी माझ्याकडं बघितलं. दोन्ही हात वर करून गप्प बसलेली, नव्या साडीतली बाई. त्याला वाटलं असावं, हे मला पळवून नेताहेत. त्यानं वाकून कन्नडमध्ये विचारलं, काय झालं अक्का, सगळं ठीक आहे ना? मी नुसती मान हलवली. त्यानं त्याचा संशय वाढला.

मग यंत्र ओरडलं. "नंबर ब्यारे ऐतिरी," तो म्हणाला. नंबर दुसऱ्याच गाडीचा, आणि टॅगही कधीचा बंद पडलेला! मागं हॉर्न सुरू झाले.

"टॅग कुणाचा?"

"आम्हाला काय म्हाईत?" हे म्हणाले.

"तुमच्याच काचेवर हाय न्हवं?"

"काच आमची. टॅग आमचा न्हाय."

"मग ती अक्का कुणाची?"

"बायको हाय माझी!"

"हात वर का केलेत?"

"काच पडंल म्हणून!"

त्या माणसानं एकदा आम्हा तिघांकडं नीट बघितलं, दुप्पट टोल घेतला आणि दांडा वर केला. मला वाटतं, त्यानं दयेनं सोडलं. पण दया करूनही पैसे दुप्पटच घेतले. मागून आत्ती म्हणाल्या, "चांगलं म्हणून काय व्हईतच न्हाय ह्या नारळापासनं." नारळ त्यांच्याच मांडीवर होता.

सदलग्यात शिरलो. माझ्या माहेरच्या आळीत सगळे दारात उभे होते, कारण मी गाडीनं येणार हे मीच फोन करून सांगितलं होतं. पुढच्या सीटवर बसून येणार, हेही सांगितलं होतं. (लाजरी माणसं क्वचितच मिरवतात. मिरवतात तेव्हा हे असं होतं.) गाडी दारात थांबली. दादा हसत पुढं आला आणि मध्येच थांबला. वहिनीनं पदर खोचला, काचेला नाक लावलं, माझ्या तळव्यांकडं बघितलं आणि आळीला ऐकू जाईल एवढ्या मायेनं म्हणाली,

"अगं बया! वन्सं, आतनं ढकलत आणलासा व्हय गाडी?"

आळी हसली. दादा हसला. हे हसले. मागच्या सीटवर आत्ती हसल्या, आणि हसता हसता म्हणाल्या, "जाताना फुडं मी हं. तवर वाळंल गम."

मी उतरले, पण माझे हात उतरेनात. कोपरं अशी आखडली होती की खांद्याच्या खाली येईनात, आणि तळव्यांना काळा गम. तशीच घरात गेले. दादा पाटावर बसला. वहिनीनं तबक माझ्या हातात अडकवलं. मी ओवाळलं, पण ते त्याच्या डोक्याच्या बरंच वर. त्या भाऊबीजेला मी दादाच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाला ओवाळलं.

मग वहिनीनं पिशवीतला नारळ घेतला आणि उंबऱ्यापाशी कोयत्याची एक हलकी टिचकी मारली. एकच. नारळ दोन सरळ वाट्या होऊन उघडला. असा वास सुटला, की दारातली पोरं नाक धरून पळाली. आतून पार नासलेला!

वहिनीनं वाट्या लांब धरल्या आणि सगळ्यांकडं बघत विचारलं, "नारळ कुणी आणला?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

हात वर करायची गरजच नव्हती. ते वरच होते.