बरोबरीत सुटलेली कुस्ती

अण्णा गेल्याचं मला शुक्रवारी कळलं. दुपारच्या जेवणानंतर जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात दत्तूचा फोन आला. दत्तू म्हणजे अण्णांच्या खोलीतला, खालच्या बंकवरचा. "सायेब, अण्णा गेलं," म्हणाला आणि मग कसं झालं ते सांगितलं. आदल्या संध्याकाळी ड्यूटीवरून आले, कपडे धुवायला बसले आणि नळाखालीच कलंडले. हार्ट, म्हणे. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, दिवसाला पाचशे बैठका मारणारा... आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर मी बातमी टाकली. अकरा जणांनी हात जोडले आणि बाराव्याने बिर्याणीचा फोटो पाठवला. त्याचा राग धरायचा तरी कशाला, मी स्वतः काय वेगळं केलं होतं?

अण्णा म्हणजे महादेव चौगुले, कोल्हापूरकडचे, इथे आखातात आमच्या साइटवर पाइप फिटर. मी नाशिकचा, इन्स्ट्रुमेंटेशनवाला, बायको-मुलीसह बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये राहणारा. आमची गाठ पडली ती त्यांच्या कानांमुळे. हेल्मेट काढलं तेव्हा ते मोडून गोळा झालेले कान दिसले आणि मी विचारलं, "तालमीतले का?" गडी असा खुलला की विचारू नका. "शुक्रवारी येताय का सायेब? आमी बी खेळतो हितं." कामगारांच्या कॅम्पजवळच्या मोकळ्या जागेत दर शुक्रवारी दुपार कलली की कुस्त्या चालत. वाळूवर पाणी मारून ती दाबायची, भोवती चारपाचशे माणसं उकिडवी बसायची. आपले कोल्हापूर-सांगलीचे, पंजाबचे, सीमेपलीकडच्या पंजाबचे, नेपाळचे. हलगी नव्हती, बडवायला तेलाचा डबा होता. ना तिकीट, ना बॅनर, ना कुणाची परवानगी. मी दोन-तीनदा गेलो आणि त्यांनी मलाच पंच केलं. कारण काय, तर मी कुठल्याच तालमीचा नाही, हातात घड्याळ आहे आणि शिकलेला आहे. शिकलेला माणूस खोटं बोलत नाही अशी त्या लोकांची समजूत होती.

नियम एकच कडक होता. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान सुरू झाली की कुस्ती थांबवायची, मग ती कुठेही असो. निकाल लागला नसेल तर तीच जोड पुढच्या शुक्रवारी. आणि पंच म्हणेल ते खलास, त्यावर हुज्जत नाही.

कुस्त्यांच्या शेवटच्या शुक्रवारी अण्णांची जोड बशीरबरोबर होती. बशीर ट्रेलर चालवायचा, पलीकडच्या पंजाबचा, अण्णांपेक्षा दहा वर्षांनी लहान आणि चांगला वीतभर उंच. अण्णांनी आधीच सांगून टाकलं होतं, "ही निकाली करतो आन् लंगोट ठेवतो." त्यांना कुस्ती सोडायची होती, गावातल्या तालमीने वस्ताद म्हणून बोलावलं होतं. परतीचं तिकीट काढायचंच काय ते बाकी होतं. जिंकणाऱ्याला बांधायचा फेटा दत्तूने गावाहून मागवला होता, केशरी, तो माझ्या मांडीवर होता. वीस मिनिटं दोघं एकमेकांना हटत नव्हते. उजेड कमी झाला आणि अण्णांनी घिस्सा हा डाव लावला. बशीर उलटला. त्याची पाठ वाळूला टेकली, दोन्ही खांदे, माझ्यापासून चार हातांवर. पुढच्या क्षणी तो पालथा झाला आणि अजान सुरू झाली.

पलीकडच्या बाजूला काही दिसलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी हात वर करून म्हणालो, "बराबर. अगले जुम्मे."

का म्हणालो? अण्णा गेल्यापासून सहा आठवडे मी हाच प्रश्न चघळतोय. कुणी दमदाटी केली नव्हती. मला भीती वाटली नव्हती. मला फक्त ती कुस्ती संपायला नको होती. अण्णा निघून गेले की शुक्रवारची मजा गेली, आणि ही जोड पुन्हा लागली तर दुप्पट माणूस जमेल आणि मी मध्ये घड्याळ घेऊन बसलेला असेन... इतकं साधं आणि इतकं हलकट कारण होतं. अण्णा धापा टाकत जवळ आले. "सायेब, पाट लागली हुती की." मी म्हणालो, "मला नाही दिसली, अण्णा." त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, अंगावरची वाळू झटकली. "पंचानं न्हाय म्हटलं म्हंजे न्हाय." फेटा मी गाडीच्या डिकीत ठेवला, पुढच्या शुक्रवारसाठी.

त्याच आठवड्यात साथीमुळे सगळं बंद झालं. कॅम्पमधून कुणाला बाहेर पडता येईना. अण्णा दोन बंकांमधल्या जागेत बैठका मारायचे आणि गुरुवारी न चुकता फोन करायचे. "ह्या शुक्रवारी कसं, सायेब?" मी म्हणायचो, "इन्शाल्ला, पुढच्या." मी आपला फ्लॅटमध्ये बसून मोबाइलवरचे जुने व्हिडिओ टीव्हीवर लावायचो. त्यात शड्डूचा आवाज होता, पण ओल्या वाळूचा वास नव्हता, शेजारच्या माणसाचा घामट खांदा नव्हता, घरी आल्यावर मोज्यांतून सांडणारी वाळू नव्हती. मला त्या शुक्रवारची फार आठवण येते, असं मी लोकांना सांगायचो. माझ्यासाठी तो करमणुकीचा प्रश्न होता. अण्णांसाठी तो घरी जायचा प्रश्न होता.

मग सगळं उघडलं. मॉल उघडले, मोठमोठी स्टेडियम भरली, जग इथे येऊन फुटबॉल खेळून गेलं. आमच्या जागेला तेवढी जाळी लागली आणि आत पार्किंग झालं. ज्याला कधी परवानगीच नव्हती ते पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज कुणाकडे करणार? बशीरला कंपनीने घरी पाठवलं. तो परत येईल, जागा मिळेल, म्हणून अण्णांनी कॉन्ट्रॅक्ट वाढवलं, मग पुन्हा वाढवलं. वहिनी फोनवर रडायच्या. मीसुद्धा एकदा म्हणालो, "अण्णा, जा आता." ते म्हणाले, "बरोबरीत सुटल्याला गडी पोरांस्नी काय शिकवनार?" तेव्हा सांगता आलं असतं. चहाच्या टपरीवर उभे होतो, आजूबाजूला कुणी नव्हतं, फक्त तोंड उघडायचं होतं. मी कडक उकळलेला करक चहा संपवला आणि "बघू," म्हणालो.

ते गेल्यावर चार दिवसांनी मी बशीरला फोन लावला. अण्णांची बातमी त्याने ऐकून घेतली. मग म्हणाला, "साहब, मेरी पीठ तो लगी थी. अण्णा भी जानता था." मी विचारलं, मग तू तेव्हाच का नाही बोललास? "पंच आप थे," तो म्हणाला, अगदी साध्या आवाजात.

अण्णांची शवपेटी गावी रवाना होण्याआधी मी फेटा घेऊन शवागारात गेलो होतो. तिथल्या माणसाने सांगितलं, पेटी सील झाली आहे, आता काही ठेवता येणार नाही. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. दत्तू सुट्टीवर निघाला तेव्हा मी फेटा त्याच्यापुढे केला. त्याने हात मागे घेतला. "तुमीच घिऊन जावा, सायेब. तुमच्याकडं ठेवल्याला हाय." त्याला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आता तो कपाटात वरच्या फळीवर आहे. परवा मुलीने काढला आणि विचारलं, "बाबा, हूज इज धिस?" अण्णांचा, एवढं सांगितलं आणि घडी नीट करायला घेतली. मधल्या घड्यांत अजून वाळू आहे, माझ्याच हाताची, त्या संध्याकाळची. फेटा मला बांधता येतो, त्यांनीच शिकवलं होतं. पण बांधायला समोर डोकं लागतं.

पाठ लागली होती, अण्णा. मला दिसली होती.