गेलं का रं?

मी पेपरात भुताखेतांच्या सिनेमांची परीक्षणं लिहितो. सांगलीत दर शुक्रवारी दुपारच्या खेळाला कुपवाडचा एक वेल्डर माझ्या शेजारी येऊन बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. भूत येणार असं वाटलं, की तो खिशातून वेल्डिंगचा काळा चष्मा काढून डोळ्यांवर चढवायचा आणि माझं मनगट धरून विचारायचा, "गेलं का रं?" मी "गेलं" म्हटलं की चष्मा परत खिशात. बाहेर पडताना मात्र म्हणायचा, "लय भारी हुतं, गड्या!"

एकदा एका टुकार सिक्वेलवर लिहायला काही सुचेना, म्हणून मी त्याच्या चष्म्यावरच परीक्षण रंगवलं. वाचणारे पोट धरून हसले. त्याच्या वर्कशॉपातही तो अंक हातोहात फिरला, हे मला नंतर कळलं.

पुढच्या शुक्रवारी तो आला, माझ्या शेजारीच बसला. भूत आलं. त्याचा हात खिशाकडे गेला आणि तसाच मागे आला. घाम फुटला तरी तो टक लावून बघत राहिला. मला राहवेना. भूत पडद्यावर असतानाच मी हळूच म्हणालो, "गेलं."

"न्हाई, हाय अजून," तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला. "आता लिव, उघड्या डोळ्यानं बगितलं म्हून."